कुंडीतला प्राणवायू आणि अंगणातली सावली

घर आनंदी करायचे असेल तर घरात हिरवी रोपे आणा, भिंतींना शांत रंग द्या, कोपरे सजवा, हा सल्ला आता इतका रुळला आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. कुंडलिका नदीच्या अलीकडचे जुने जालनेही त्याला अपवाद नाही. गांधीचमनच्या आसपासच्या गल्ल्यांत जुने माळवद उतरवून जिथे जिथे स्लॅबची घरे उठली, तिथे बैठकीत काचेच्या बाटलीतला मनीप्लांट, टीव्हीशेजारी स्नेक प्लांट आणि जिन्याच्या पायऱ्यांवर रंगवलेल्या कुंड्या दिसतात. हौस चांगली आहे. तिच्यामागचा समज मात्र मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे पुराव्यानिशी सांगणे जरूर आहे. या समजापायी आपण पाणी, पैसा आणि घरातल्या बाईचे श्रम चुकीच्या ठिकाणी घालतो आहोत.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. साप समजून भुई धोपटण्यात अर्थ नाही. त्या पक्षाचे म्हणणे असे. रोपे घरातली हवा शुद्ध करतात, आणि हे अमेरिकेच्या नासा संस्थेने सिद्ध केले आहे. काही रोपे रात्रीही प्राणवायू सोडतात, म्हणून ती झोपायच्या खोलीत ठेवावीत. अमुक रोप अमुक दिशेला ठेवले की बरकत येते, काटेरी झाडाने कलह येतो. आणि चौथे, सर्वांत वजनदार: हिरवाई नुसती डोळ्यांना दिसली तरी मन निवते. पहिली तीन विधाने टिकत नाहीत. चौथे टिकते, पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो निघत नाही.

नासाचा प्रयोग खरा आहे. १९८९ साली बी. सी. वॉल्वर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. अंतराळस्थानकासारख्या बंद जागेतली हवा कशी स्वच्छ ठेवता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी पारदर्शक प्लास्टिकच्या हवाबंद पेट्यांत रोपे ठेवली, आत बेंझीन, फॉर्माल्डिहाइड यांसारखी द्रव्ये सोडली आणि ती किती घटतात हे मोजले. ती घटली. आता आपले घर पाहा. दाराखालची फट, खिडकी, स्वयंपाकघरातला पंखा, दिवसभर उघडी राहणारी कडी. घरातली हवा तासातासाला आपोआप बदलत असते, आणि हा बदल जितके दूषित द्रव्य बाहेर नेतो त्याच्यापुढे रोपाचे काम नगण्य ठरते. ड्रेक्सेल विद्यापीठातल्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी २०१९ मध्ये नेमका हाच हिशेब मांडला. आधीच्या १२ अभ्यासांतले आकडे एका मापात आणून त्यांनी दाखवले की, साध्या वायुवीजनाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटर जागेत १० ते १००० रोपे लागतील. दहा बाय दहा फुटांची खोली घेतली तर अगदी खालचा आकडा धरूनही नव्वदच्या वर कुंड्या होतात. मग त्या खोलीत माणसाने बसायचे कुठे?

हे खंडन जालन्यात अधिक महत्त्वाचे आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची मानके न गाठणाऱ्या ज्या शहरांची यादी त्या कार्यक्रमाने धरली, तीत जालन्याचे नाव आहे. लोखंडी सळयांचे कारखाने, त्यांच्यासाठी धावणारे ट्रक, उखडलेल्या रस्त्यांची धूळ हे सगळे आपल्याला रोज डोळ्यांनी दिसते. अशा गावात 'हवेसाठी कुंडी आणा' असे सांगणे म्हणजे कारखान्याच्या धुराड्याची आणि रस्त्याची जबाबदारी उचलून गृहिणीच्या खिडकीत ठेवणे. मला हे निरुपद्रवी वाटत नाही. हवा बाहेर सुधारावी लागते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता रात्रीच्या प्राणवायूचे पाहू. स्नेक प्लांट, कोरफड, निवडुंग या वनस्पती कोरड्या मुलखातल्या. दिवसा पानांची रंध्रे उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून त्या रात्री रंध्रे उघडतात आणि कर्बवायू आत घेऊन तो आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. एवढ्यावरून त्या रात्री प्राणवायू देतात असे समजले गेले. पण प्राणवायू सुटतो तो पाण्याचे विघटन झाल्यावर, आणि ते विघटन प्रकाशाशिवाय होत नाही. तुळशीला तर हीही युक्ती नाही. तीही इतर झाडांप्रमाणे रात्री थोडा प्राणवायू वापरते. तुळशीचे मोठेपण दुसरीकडे आहे, तिकडे मी येतो.

प्राणवायूचा हिशेब घरबसल्या मांडता येतो, आणि एकदा मांडला की शंका उरत नाही. माणसाला दिवसाला सुमारे ५५० लिटर प्राणवायू लागतो. त्याचे वजन सातशे ग्रॅमच्या थोडे वर भरते. झाडाने जितका प्राणवायू बाहेर टाकला, जवळपास तितक्याच वजनाची साखर त्याच्या अंगात तयार झालेली असते. म्हणजे एका माणसाची गरज भागवायची तर कुंडीतल्या रोपाचे कोरडे वजन रोज सुमारे ७०० ग्रॅमनी वाढायला हवे. बैठकीतला मनीप्लांट महिन्याला जी दोन पाने काढतो, त्यांचे कोरडे वजन किती? आणि एवढी चिंता करायचे कारणच नाही. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत मुळात जवळपास ५,९०० लिटर प्राणवायू असतो आणि दाराखालून तो सारखा येत असतो. बंद खोलीत जीव घुसमटतो तो साठलेल्या कर्बवायूने, उष्म्याने आणि दमटपणाने. त्यावर उपाय खिडकी.

दिशा आणि बरकत यांविषयी मी श्रद्धेला धक्का लावू इच्छीत नाही; पण ज्या गोष्टीला प्राचीन शास्त्राचा आधार सांगितला जातो, तिथे तो आधार आहे का हे विचारणे रास्त आहे. मनीप्लांट ही वेल मूळची पॅसिफिक महासागरातल्या मोओरेआ बेटाची. तिची शास्त्रीय नोंद १८८० साली झाली. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतला. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. आपल्या जुन्या वास्तुग्रंथकारांनी ही झाडे पाहिलीच नव्हती, तर त्यांची दिशा ते कशी सांगणार? मनीप्लांट आग्नेयेला ठेवण्याचा नियम अलीकडे कोणीतरी जोडलेला आहे.

काटेरी झाडांबद्दल तर आपल्याच जिल्ह्यातून उत्तर मिळते. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. समर्थांचे 'बागप्रकरण' म्हणून एक छोटे प्रकरण आहे, त्यात बागेत कोणकोणती झाडे असावीत याची लांबलचक यादी आहे. त्या यादीची सुरुवातच काटेरी झाडाझुडपांनी होते. हिवर, खैर, सागरगोटी ही नावे अगदी आरंभी येतात. का, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आधी कुंपण, मग बाग. ज्याला खरोखर बाग राखायची होती त्याने काट्याला पहिला मान दिला. काटा अशुभ मानायची चाल ज्यांना राखण करावीच लागत नाही अशा घरांतून आली असावी, असे मला वाटते.

आता चौथे विधान. त्याच्या बाजूने बोलणारा पुरावा मी लपवणार नाही. १९८४ मध्ये रॉजर उल्रिच यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधेही सौम्य पुरली. म्हणजे हिरवाईचे नुसते दर्शनही काही देते. हे मी मान्य करतो, आणि म्हणूनच सुंदर घराची ओढ ही चैन आहे असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसत नाही. पण ते रुग्ण पाहत होते काय? खोलीत आणून ठेवलेली कुंडी नव्हे. ते खिडकीबाहेरची, मातीत उभी असलेली झाडे पाहत होते. या निबंधाचा दाखला देऊन कुंड्या विकल्या जातात. त्यातून निघणारा खरा अर्थ गल्लीतले झाड तोडू नका, हा आहे.

दुसरा प्रयोग मला याहून मोलाचा वाटतो. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघींनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धनिवासात तो केला. दोन मजल्यांवरच्या वृद्धांना एकेक रोप दिले. एका मजल्यावर सांगितले, हे तुमचे, कोणते हवे ते तुम्ही निवडा आणि तुम्हीच सांभाळा; खोलीची मांडणी, सिनेमाचा वार असे इतर निर्णयही त्यांच्यावर सोपवले. दुसऱ्या मजल्यावर सांगितले, हे रोप तुमच्यासाठी आहे, परिचारिका त्याला पाणी घालतील. रोप दोन्हीकडे होते. हिरवेपणा दोन्हीकडे सारखा होता. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक सावध, अधिक हालती-बोलती आणि अधिक समाधानी दिसली. दीड वर्षाने केलेल्या पाहणीतही फरक टिकलेला आढळला. मृत्यूंचे प्रमाणही त्या मजल्यावर कमी होते, मात्र त्या आकडेमोडीत चूक झाल्याचे संशोधकांनीच पुढे कळवले आणि तो फरक आधी सांगितला तितका पक्का नसल्याचे स्पष्ट केले. माणसे थोडी होती, रोपासोबत इतर निर्णयही होते, हे ध्यानात ठेवूनही या प्रयोगाने एक गोष्ट उघड केली. रोप शेजारी असणे आणि रोप आपल्यावर अवलंबून असणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि मनाला उभारी मिळते ती दुसरीतून.

माझे मंडन इथून सुरू होते. घराला सुख देते ती जोपासना. शोभा तिच्या मागून येते. तुळशीचे मोठेपण याच जागी आहे. वृंदावनातली तुळस ही घरातली एकमेव अशी वनस्पती की जिला पाणी घालायला माणसाला रोज उंबरा ओलांडून बाहेर यावे लागते. सकाळी सडा, रांगोळी, तांब्याभर पाणी, संध्याकाळी दिवा. कोणी तिला सजावटीचा भाग म्हणून लावत नसे, तरी तिच्यामुळे अंगण रोज झाडले जाई, आणि झाडलेल्या अंगणात दोन बायका बोलत उभ्या राहत.

पण जोपासनेला पाणी लागते. जुन्या जालन्यात बागेवर लिहिणाऱ्याने हा प्रश्न टाळला तर त्याच्या लिहिण्याला अर्थ नाही. इथे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणे कोणाला नवे नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडीचा तलाव आटला, गाव टँकरवर आले, आणि अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लेकरांसारख्या वाढवलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवणारे शेतकरी या जिल्ह्याने पाहिले आहेत. या भागातल्या माणसाला झाड जगवणे म्हणजे काय ते कोणी शिकवू नये. आणि पाण्याची व्यवस्था आधी, बाग नंतर, हा क्रमही या गावाला जुना आहे. सोळाव्या शतकात जमशेदखानाने मोती तलाव बांधला आणि तिथून जमिनीखालून नळ घालून गावातल्या हौदांपर्यंत पाणी आणले. काळ्या मशिदीजवळच्या सराईतला हौद त्यातलाच. पाणी गावात आले, मग हिरवाई आली.

म्हणून आजच्या घरातही पहिला प्रश्न 'कोणते रोप छान दिसेल' हा नसून 'घरातले कोणते पाणी वाया जाते' हा हवा. हिशेब सोपा आहे. उन्हाळ्यात कुंडीमागे रोज एक लिटर धरा. वीस कुंड्या असतील तर आठ दिवसांत १६० लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे पिंप जवळपास रिकामे. ज्या घरी नळाच्या दिवशी चार पिंपे भरतात, तिथे एक पिंप कुंड्यांना गेले. हे परवडत नाही, आणि मग मे महिन्यात जिन्यावरच्या कुंड्या वाळून जातात. वाळलेली रोपे घराला आनंद देत नाहीत. ती रोज जाता-येता टोचतात.

तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी चार-पाच माणसांच्या घरात रोज पाच-सहा लिटर तरी निघते. ते पाच-सहा कुंड्यांना पुरते. म्हणजे त्या घराच्या उन्हाळी कुंड्या पाच-सहाच असाव्यात. पावसाळ्यात हव्या तेवढ्या वाढवाव्यात. न्हाणीचे आणि भांडी घासल्याचे पाणी कुंडीला चालत नाही, साबणातल्या सोड्याने माती बिघडते. पण केळ, कर्दळ आणि अळू ते पचवतात. मोरीच्या तोंडाशी केळ आणि अळू लावायची आपल्याकडची रीत याच अनुभवातून आली. आर-ओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी मात्र जपून वापरावे. आपल्याकडचे बोअरचे पाणी आधीच जड, आणि यंत्रातून टाकून दिलेल्या पाण्यात ते क्षार आणखी दाटलेले. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागला की समजावे, रोप मिठात उभे आहे.

इथे एक जुनी युक्ती तपशिलाने सांगतो. कुंभाराकडून पाच लिटरचे, न रंगवलेले मडके आणावे. वाफ्यात किंवा मोठ्या पिंपाच्या अर्ध्या तुकड्यात ते गळ्यापर्यंत पुरावे, भोवती वीतभर अंतरावर रोपे लावावीत, मडके पाण्याने भरून वर परळ झाकावा. मडक्याच्या अंगातून पाणी पाझरते. माती कोरडी असेल तर ती जास्त ओढते, ओली असेल तर पाझर मंदावतो. झाडाला लागेल तेवढेच पाणी जाते आणि उन्हाने उडून जात नाही. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिलेल्या फान शंगची यांच्या शेतीग्रंथात ही रीत वर्णिली आहे. एकदा भरलेले मडके काही दिवस पुरते, आणि दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावाला याहून सोयीचे साधन सापडणार नाही. अट एकच: मडक्याला रंग नको. जिन्यावर शोभणाऱ्या ऑइलपेंट लावलेल्या कुंड्यांची छिद्रे रंगाने बुजलेली असतात, त्यांतून पाणी पाझरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. शोभा आणि जोपासना यांचा झगडा पाहायचा असेल तर त्या एका कुंडीत तो सापडतो.

कुंडीखालच्या बशीचेही तसेच. बशीत आणि मनीप्लांटच्या बाटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि उन्हाच्या दिवसांत आठ-दहा दिवसांत त्या अंड्यातून उडता डास तयार होतो. आपल्या नळाची पाळीही तितक्याच दिवसांची. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंपे, हौद, बशा आणि बाटल्या कोरड्या करून घासल्या पाहिजेत. ज्याला हे जमणार नाही, त्याने बाटलीतले रोप ठेवू नये.

मातीचा विषय थोडक्यात. आपली काळी माती नुसती कुंडीत भरली तर पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते आणि मुळे तोडते. तिच्यात बारीक मुरूम आणि जुने शेणखत सारख्या मापाने मिसळले की कुंडी हलकी होते. बियाण्याला या गावात तोटा नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथेच महिको या बियाणे कंपनीची स्थापना केली, आणि त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भेंडी, गवार, दोडका यांचे खात्रीचे बी मिळवण्यासाठी जालनेकराला गाव सोडावे लागत नाही.

आता उष्म्याकडे येतो. मराठवाड्यातल्या घराच्या सुखाचा निम्मा प्रश्न एप्रिल-मेच्या उन्हाचा आहे, आणि सजावटीच्या सल्ल्यांत त्याचा उल्लेखही नसतो. माळवदाची जुनी घरे हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींनी आणि वरच्या पांढऱ्या मातीच्या थराने ऊन थोपवत. ढेलजेतून आत आले की डोळ्यांवर अंधारी येई आणि अंगाला गारवा लागे. स्लॅबच्या घराला ती जाडी नाही. तिथे रंगाचे खरे काम बैठकीच्या भिंतीवर नसून गच्चीवर आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला की ऊन परतते आणि खालची खोली कमी तापते. खर्च थोडा, गुण मोठा. भिंतीला कोणताही रंग द्या, त्याने मन प्रसन्न होत असेल तर अवश्य द्या. पण आधी चुना.

झाडाचे थंड करण्याचे काम दोन प्रकारचे. एक लिटर पाणी पानांतून उडून जाताना विजेच्या सुमारे दोन-तृतीयांश युनिटाइतकी उष्णता घेऊन जाते. आपल्या कोरड्या हवेत हे काम जोरात चालते, वाळ्याच्या ताट्या आणि कूलर इथे गुणकारी ठरतात ते त्यामुळेच. पण त्याला पाणी मोजावे लागते. सावलीला मात्र पाणी लागत नाही. दुपारनंतरचे ऊन खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीपुढे एक कडुलिंब असेल तर त्या घराचा उन्हाळा बदलतो, आणि मूळ धरल्यावर कडुलिंब कोणाकडे पाणी मागत नाही. घरातल्या पन्नास कुंड्या हे करू शकत नाहीत. जागा नसेल तिथे मधुमालती किंवा जुई मांडवावर चढवावी. मोगरा हवा असेल त्यांनी हिवाळ्यात पाणी तोडून छाटणी करावी, म्हणजे उन्हाळ्याला कळ्या धरतात. मोसंबीवाल्यांना ताण देणे ठाऊकच आहे, ते हेच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. हे सगळे वाडेवाल्यांचे, अंगणवाल्यांचे. पत्र्याच्या दोन खोल्यांत भाड्याने राहणाऱ्याने काय करावे? त्याच्यासाठीही उत्तर वेलाचे आहे, पण ते नीट करावे लागते. तापलेल्या पत्र्यावर वेल थेट टाकला तर पाने करपतात. पत्र्यावर आधी तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा थर पसरावा. तो थर एकटाच पत्र्याला सावली देतो. त्यावर पावसाळ्यात दोडका किंवा घोसाळी चढवली की ऑक्टोबरच्या उन्हात खालची खोली सुसह्य होते आणि भाजीही निघते. खाली माती नसेल तर सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वेल लागतो. घरमालकाची परवानगी लागेल. भाजीतला वाटा दिला की बहुधा मिळते.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो कोणी घेत नाही. जोपासनेचा मी एवढा गौरव केला, पण ती करते कोण? नळाचे पाणी अवेळी येते तेव्हा उठून पिंपे भरणारी, बादल्या जिन्याने वर नेणारी बहुधा घरातली बाईच असते. वीस कुंड्यांची हौस एकाची आणि बादल्या दुसरीच्या डोक्यावर, अशी वाटणी असेल तर ती कुंड्यांची रांग कोणालाच सुखी करत नाही. वृद्धनिवासाच्या प्रयोगाने हेच सांगितले होते. निवड ज्याची, सांभाळ त्याचा, तरच त्यातून समाधान मिळते. लादलेला सांभाळ हे आणखी एक काम ठरते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. कुंड्या किती असाव्यात हे पाणी भरणाऱ्याने ठरवावे. मुलाला रोप हवे असेल तर रोज त्याला पाणी मुलाने घालावे, आजोबांना जास्वंद हवी असेल तर तिची छाटणी आजोबांनी करावी. निवृत्त होऊन घरी बसलेल्या माणसाला तर यासारखा दुसरा उद्योग नाही, आणि त्यासाठी कुंडी एकच पुरे.

जोपासना भिंतीच्या आत राहत नाही, हाही तिचा एक गुण. कढीपत्त्याचे झाड असलेल्या घराचे दार दिवसातून दोनदा वाजते. गवती चहाची पात, गुळवेलीचे कांडे, अडुळशाची पाने, दुर्वा हे मागायला माणसे येतात आणि जाताना जुईची फांदी कलमासाठी घेऊन जातात. पारिजातकाचा अर्धा सडा रस्त्यावर पडतो आणि पहाटे तो वेचायला कोणीही येते. शोभेच्या रोपाला कोणी काही मागत नाही.

इथून पुढे जायचे ते घराबाहेरच. उल्रिच यांच्या रुग्णांनी जी झाडे पाहिली, तशी झाडे जुन्या जालन्याच्या किती खिडक्यांतून दिसतात? रस्ता रुंद करताना, नाली बांधताना, तारा ओढताना झाड आधी जाते, आणि त्याच्या जागी दुभाजकावर दोन फूट उंचीची शोभेची झुडपे येतात. २०२३ पासून जालन्याला महानगरपालिका आहे. तिच्याकडे मागायचे ते हे: गल्लीच्या पश्चिम अंगाला कडुलिंब, करंज, चिंच यांची रांग, खोडाभोवती फरशी न घालता सोडलेली चार फूट माती, आणि कुंडलिकेच्या काठावर सावलीची झाडे. लावण मृगाचे दोन दमदार पाऊस झाल्यावर करावी. रोप माणसाच्या कमरेइतके तरी असावे, खड्डा दोन फूट खोल, त्यात मुरूम मिसळलेली माती आणि शेजारी पुरलेले एक मडके. पहिले दोन उन्हाळे ते मडके भरायचे काम त्या गल्लीतल्या एका घराने अंगावर घ्यावे, आणि कोणत्या घराने ते लावणीच्या दिवशीच ठरवावे.